विहिणीच्या हातचे केक

बोटिलाचा उजवा हात मोडला तो नेमका नातीच्या बाप्तिस्म्याच्या आठवड्यात. दुधाच्या खोलीतली फरशी ओली होती, हातात साईची बरणी होती, आणि बरणी वाचवायच्या नादात ती मनगटावर आपटली. बरणी वाचली. मनगट जवळच्या ट्योनर शहरातल्या डॉक्टरने कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये बांधून टाकलं आणि बजावलं, की पिकं कापून होईपर्यंत या हाताने चमचासुद्धा उचलायचा नाही.

"चमचा मी उचलीन," घरी येताना तिचा नवरा निस म्हणाला. "तू नुसतं तोंड चालव, ते शाबूत आहे."

बोटिला हसली नाही. रविवारी चर्चमधून चाळीस माणसं थेट तिच्या घरी येणार होती आणि टेबलावर मांडायला तिच्याकडे एक बिस्कीटसुद्धा नव्हतं. सात मऊ केक आणि सात तऱ्हेची कुरकुरीत बिस्किटं, याहून कमी मांडलं तर डॅनिश-जर्मन सीमेजवळच्या त्या गावांत लोक तोंडावर काही बोलत नाहीत. पाठीमागे मात्र वर्षभर बोलतात. तिकडे बागेत लाल करंटांच्या, म्हणजे मण्यांएवढ्या आंबट बेरींच्या, झुपक्यांनी फांद्या वाकल्या होत्या, काळे करंट टचटचीत भरले होते, रासबेरी तर संध्याकाळी तोडली नाही तर सकाळी मातीत मिळायची. सगळं जणू तिच्यासाठीच पिकून बसलं होतं, आणि ती खिडकीत हात गळ्यात बांधून.

शेजारची डोरटे लगेच धावून आली. "दोन मी करून आणते," म्हणाली. डोरटे बोटिलाची जिवाभावाची मैत्रीण, मनाने लोणी. पण तिच्या हातचा केक खाली पडला तर फरशी फुटेल, असं निस म्हणायचा. बोटिलाने तिचे आभार मानले आणि मनातल्या मनात चौदातून दोन वजा केले.

दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात सायकल थांबली. सायकलला पुढे टोपली, मागे लाकडी खोका, आणि मधे वीब्के. बोटिलाची विहीण.

आता या विहिणीचं सांगायला हवं. वीब्केचं घर चराच्या पलीकडे, हाकेच्या अंतरावर. दोघी एकाच मातीतल्या, बोलीसुद्धा एकच. डोळे मिटून ऐकलं तर कोण कुठल्या घरची ते कळू नये. पण बोटिलाचं घर डॅनिश आणि वीब्केचं जर्मन. दुकानं वेगळी, सभागृहं वेगळी, चर्च एकच पण प्रार्थनेची वेळ वेगळी. युद्धात जर्मन फौज आली तेव्हा वीब्केचा नवरा लोरेन्स दंडाला त्यांची पट्टी बांधून मिरवला, आणि युद्ध संपल्यावर त्यापायी दोन वर्षं छावणीत कोंडला गेला. त्याच फौजेने शेवटच्या हिवाळ्यात डोरटेच्या धाकट्या भावाला, अनेर्सला, गोळी घातली होती. तेव्हापासून चराच्या अलीकडचे आणि पलीकडचे रस्त्यात भेटले तर टोपीला हात लावायचे आणि पुढे जायचे. एवढंच.

अशात बोटिलाची आग्नेटे आणि वीब्केचा हिन्रिख यांचं जमलं. युद्ध संपून दहा वर्षं झाली होती तरी निस आठवडाभर लेकीशी बोलला नाही. लग्न झालं ते ट्योनरच्या एका खाणावळीत, मोजक्या आठ माणसांत, आणि वर विकतचा केक. लग्नात विकतचा केक. दोन्ही आयांनी तो आपापल्या ताटलीत तसाच ठेवला आणि एकमेकींकडे पाहिलंही नाही. त्यानंतर दोघींची बोलणी झाली ती बाळाच्या लंगोटांपुरती.

तर ती वीब्के स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. उंच, हडकुळी, केस घट्ट मागे बांधलेले.

"हात दाखवा," ती म्हणाली.

"दाखवायचं काय त्यात? मोडलाय."

"म्हणून माझे घेऊन आलेय." वीब्केने ॲप्रनची गाठ मारली.

"तसदी नको. डोरटे करून आणतेय."

"डोरटेबाई दोन आणतील, आग्नेटेनं सांगितलं मला. बाकी बारा काय आकाशातून पडणार? आग्नेटेला तर अंडं फोडायचं म्हटलं तरी दोन भांडी लागतात." तिने टोपलीवरचं फडकं काढलं. खाली गूजबेरी होत्या, हिरव्यावर लाली चढलेल्या, काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या. "तुम्ही खुर्चीवर बसा, विहीणबाई. चुकलं तर ओरडा."

चुकेल तिथे ओरडायचंच असं ठरवून बोटिला खुर्चीवर बसली.

तिला वाटलं होतं, तिची भट्टी तरी या बाईला दगा देईल. ती जुनी लोखंडी चूल डावीकडच्या कोपऱ्यात भलतीच तापायची. नव्या बाईचे केक तिथे हमखास करपायचे. वीब्केने काय केलं, तर भट्टीत चारी कोपऱ्यांत आणि मधे पिठाची चिमूट टाकली, दार लावलं, एक स्तोत्र गुणगुणली आणि दार उघडून पाहिलं. डावीकडची चिमूट काळी, मधली सोनेरी. "हं," एवढंच म्हणाली, आणि दिवसभर एकही ताट डावीकडे सरकू दिलं नाही. बोटिलाला ओरडायला जागाच मिळाली नाही.

मग लाल करंट. झुपका डाव्या हातात उलटा धरायचा, काट्याचे दात देठावरून खाली ओढायचे, की फळं टपटप भांड्यात. हे सगळ्याच बायका करतात. पण वीब्केच्या भांड्यात एक फुटलेलं फळ नव्हतं की एक देठ नव्हता, आणि ती भांड्याकडे बघतही नव्हती. खिडकीतून बाळाची गाडी उन्हात तर नाही ना, ते बघत होती. लोण्याची कणीक मळताना तिने मनगटं आधी विहिरीच्या पाण्यात धरून गार केली. लाटली तेव्हा ती इतकी पातळ आणि सारखी पसरली, की खालच्या लाकडाच्या रेषा दिसायला लागल्या. त्यावर रासबेरीचा मुरंबा, वर कणकेचा दुसरा थर, आणि सुरीने एका रांगेत चौकोन. बोटिला मनातल्या मनात मापत होती. एक चौकोन दुसऱ्याहून केसभर मोठा नव्हता.

"इतकी साखर?" अखेर तिला तोंड उघडायला निमित्त मिळालं. वीब्के गूजबेरीवर साखर घालत होती.

"गूजबेरी आहे ही. तुमच्या बोलण्यापेक्षा आंबट असते."

कोपऱ्यात पाइप ओढत बसलेला निस खोकला. खरंतर तो हसला होता, पण खोकला म्हणणं सोयीचं होतं.

अंड्याचा पांढरा बलक फेटायची वेळ आली तेव्हा मात्र बोटिला खुर्चीच्या कडेवर सरकली. हे काम कोणाचाही कस लावतं. वीब्के पाय फाकवून उभी राहिली, भांडं कमरेला टेकवलं आणि तारेच्या फेटणीने फेटायला सुरुवात केली. घाई नाही, थांबणं नाही. एकच लय, घोडा दुडक्या चालीने दूरवर जावा तशी. साखर पडत गेली, बलक फुगत गेला, चकाकायला लागला. मग तिने भांडं स्वतःच्या डोक्यावर पालथं धरलं. एक थेंब हलला नाही.

"दमत नाही का हात?" बोटिलाने विचारलं. आवाजात तिला नको होतं तेवढं कौतुक उतरलं.

"सवय आहे." वीब्के गूजबेरीवर बलकाचे डोंगर रचत होती. "लोरेन्स छावणीत होता तेव्हाही दर रविवारी टेबल मांडायचे मी. पूर्ण. येणारं कोणी नव्हतं. साखर मिळेल तेवढी, नाही मिळाली तर बिटाचा रस आटवून. पोरं म्हणायची, आई, कशाला? मी म्हणायचे, हाताला विसर पडू नये म्हणून."

 बोटिलाला ते माहीत होतं. त्या दोन वर्षांत दुधाची गाडी घेऊन रस्त्याने जाताना तिने खिडकीतून ते टेबल पाहिलं होतं; पांढरा कपडा, बारा कप, आणि तीन पोरं ताठ बसलेली. तेव्हा तिला तो ताठा वाटला होता. आज, पिठाने माखलेल्या त्या हडकुळ्या हातांकडे बघताना, तिला वाटलं, की आपल्याच्याने हे झालं नसतं. एका रविवारी झालं असतं. दोन वर्षं नाही.

शनिवारपर्यंत स्वयंपाकघराच्या फळ्या भरून गेल्या. करंटांचा केक, रासबेरीचे चौकोन, काळ्या करंटांच्या जेलीची गुंडाळी, गूजबेरीचा तो डोंगर. कुरकुरीत ताटांत तुपाळ वळी, व्हॅनिलाची कडी, पातळ वेफर आणि पांढरी, तोंडात टाकताच विरणारी बिस्किटं. त्यांचं नावच मुळी 'काहीच नाही'. उरला होता एकच केक. तो बोटिलाचा.

राय धान्याचा काळा पाव शिळा करून, किसून, वाळवून त्याचा केक करायचा, थरांमध्ये काळ्या करंटांचा मुरंबा आणि साय भरायची आणि रात्रभर मुरू द्यायचा. करतात सगळ्याच. पण बोटिलाचा ब्रेडचा केक वेगळा लागायचा, आणि का ते तिने कोणाला सांगितलं नव्हतं, आग्नेटेलासुद्धा नाही. दोन दिवस तिला वाटत होतं, की वीब्के आली ती याचसाठी असणार.

"पाव किसून वरच्या फळीवर ठेवलाय," ती जड आवाजात म्हणाली. "मी सांगते तसं करा."

वीब्केने हात पुसले. "तो मी करणार नाही."

"म्हणजे?"

"तो तुमचा आहे. लोक तुमचा म्हणून खाणार, आणि तो माझ्या हातचा असणार. तसलं मी करत नाही."

"माझा हात मोडलाय, बाई."

"उजवा मोडलाय. डावा काय झोपलाय? भांडं मी धरते, फेटायचं तेवढं फेटून देते. घालायचं आणि कालवायचं तुम्ही."

मग तसंच झालं. वीब्केने पिवळा बलक साखरेबरोबर फेसाळ होईपर्यंत फेटला, पांढरा वेगळा फेटला आणि भांडं पोटाशी धरून उभी राहिली. बोटिला डाव्या हाताने एकेक जिन्नस घालू लागली. आणि तिच्या लक्षात आलं, की वीब्केने तोंड खिडकीकडे फिरवलंय. बाहेर गाई होत्या. वीब्के त्यांच्याकडे टक लावून बघत होती.

"गाईंमध्ये काय बघताय?"

"काही नाही. तुम्ही घाला."

"बघा की इकडे. डोळे मोडलेत का?"

"तुमचं माप तुमच्याकडे राहू द्या, विहीणबाई."

बोटिलाचा डावा हात थांबला. गेली तीस वर्षं गावातल्या बायका काही ना काही निमित्त काढून नेमक्या याच वेळी तिच्या स्वयंपाकघरात डोकावायच्या. आणि ही बाई भांडं हातात धरून गाई मोजत होती.

ती मोठ्याने बोलायला लागली, मांजराला सांगावं तशी. "पाव दोन मुठी. हेझलनट एक मूठ, पण सालासकट भाजलेले. कोको सगळ्या घालतात, मी नाही घालत. मी कपभर काळी कॉफी आटवून चमचाभर करते आणि ती घालते. आणि मुरंबा गाळायचा नाही, बियांसकट."

वीब्के वळली नाही, पण तिची मान किंचित हलली. "कॉफी," ती हळूच म्हणाली. "तरीच."

रविवारी ऊन पडलं. चर्चमध्ये बाळाचं नाव मारेन ठेवलं गेलं, ती पाणी पडल्यावर एकदाच रडली आणि झोपली. मग सगळी वऱ्हाडासारखी बोटिलाच्या घरी. लांब टेबलाच्या एका बाजूला निसची माणसं बसली, दुसऱ्या बाजूला लोरेन्सची. कोणी सांगितलं नव्हतं, आपोआप. आधी बन आले, मग मऊ केक एकामागून एक फिरायला लागले. सगळ्यांत चाखायचं हा रिवाज, नाही म्हणायची सोय नाही. तरी ताटं टेबलाच्या एका बाजूकडून दुसरीकडे जरा अडखळतच जात होती.

टेबलाच्या टोकाला केस्टीन मावशी. निसची मावशी, ऐंशीच्या पुढची, दात कमी पण जीभ पुऱ्या गावाची. तिने करंटांचा केक खाल्ला आणि डोळे मिटून घेतले.

तेवढ्यात डोरटे बोलली. मोठ्याने नाही, पण सगळ्यांना ऐकू गेलं. "बोटिला, यातला जर्मन केक कुठला तेवढा सांग. मी तो सोडून घेईन."

कप खाली ठेवल्याचे आवाज आले आणि मग तेही थांबले. लोरेन्सने मान खाली घातली. वीब्के कॉफीची किटली घेऊन उभी होती, तशीच उभी राहिली.

बोटिलाला डोरटेचा राग आला नाही. अनेर्सच्या शवपेटीमागून डोरटेचा हात धरून तीच चालली होती. पण खरं ते खरं.

"मग तुला तुझेच दोन खावे लागतील, डोरटे," ती म्हणाली. "बाकी सगळं वीब्केनं केलंय. या टेबलावर गेल्या तीस वर्षांत मी जे जे मांडलं, त्याहून चांगलं केलंय. माझा ब्रेडचा केक आहे, पण फेटला तोही तिनंच."

डोरटेचा चेहरा लाल झाला. "अनेर्सला कोणी केक नाही दिला शेवटी."

 निसने पाइप खिशातून काढला आणि परत ठेवला. वीब्के किटली टेबलावर ठेवून म्हणाली, "डोरटेबाई, अनेर्स लहान असताना माझ्या गूजबेरी चोरायचा. चराच्या बाजूनं यायचा, पोटावर सरपटत. त्याला वाटायचं मला दिसत नाही. पिकायची वाट बघायचा नाही कधी, हिरव्याच खायचा. मी कधी ओरडले नाही." तिने गूजबेरीच्या केककडे बोट दाखवलं. "ही फळं त्याच झुडपांची आहेत. म्हणून सांगितलं. तुम्ही खावं म्हणून नाही."

 "घरी येऊन पोट दुखतं म्हणायचा," डोरटे त्या केककडे बघत म्हणाली. "आई एरंडेल पाजायची."

"एरंडेल," केस्टीन मावशी म्हणाली, "मला पण पाजा उद्या. पण आज त्या गूजबेरीचा तुकडा द्या इकडे. मोठा. मी काही युद्धं करायला गेले नव्हते." कोणीतरी हसलं, आणि लोरेन्सच्या बाजूचा एक म्हातारा म्हणाला, "मलाही." ताटं पुन्हा फिरायला लागली, या वेळी जरा भराभर. शेवटी कुरकुरीत बिस्किटांची पाळी आली तेव्हा हिन्रिखने सासऱ्याला विचारलं, "आता काय घेणार?" निस म्हणाला, "काहीच नाही." हिन्रिखने पांढऱ्या बिस्किटांचं ताट पुढे केलं, "हे घ्या काहीच नाही." विनोद जुनापुराणा, पण निस पहिल्यांदाच जावयाच्या विनोदाला उघडपणे हसला.

डोरटेने गूजबेरीला हात लावला नाही. लवकर उठली. वीब्केने एक तुकडा कागदात बांधून दारात तिच्यापुढे धरला, तोही तिने घेतला नाही. "नको," म्हणाली, आणि थांबून, "आज नको."

"बरं," वीब्के म्हणाली. तिच्या चेहऱ्यावर ना अपमान होता ना ओशाळेपण. पुडी खिडकीत ठेवून ती आत गेली आणि बाह्या वर करून भांडी घासायला लागली. दारात उभी असलेली बोटिला हे बघत होती. फेटणं, लाटणं, डोक्यावर पालथं धरलेलं भांडं, हे सगळं पाहून झालं होतं; पण या "बरं"पुढे तिला ते सगळं कमी वाटलं. तिने फडकं घेतलं आणि डाव्या हाताने कप पुसायला तिच्या शेजारी उभी राहिली. दोन फुटले. वीब्केने तिसरा तिच्या हातात दिला.

प्लास्टर निघालं, पिकं घरात आली, चरांवर सकाळचं धुकं बसायला लागलं. विहिणींचं आता ठरून गेलं होतं. एका रविवारी इकडे, एका रविवारी तिकडे. बोटिला पहिल्यांदा चराच्या पलीकडे गेली तेव्हा गावात दोन-तीन जणींनी नाकं मुरडली. तिने ती पाहिली आणि केकचा डबा दुसऱ्या हातात घेतला.

ऑक्टोबरातल्या अशाच एका रविवारी वीब्के कॉफी ओतता ओतता म्हणाली, "परवा डोरटेबाई आल्या होत्या."

बोटिलाचा कप तोंडापाशी थांबला. "कुठे? इथे?"

"घरात नाही आल्या. चराजवळ उभ्या होत्या, सायकल धरून. मीच गेले. म्हणाल्या, ती झुडपं कुठली? दाखवली. मग म्हणाल्या, एक फांदी मिळेल का, लावायला?"

"दिलीस?" बोटिला म्हणाली. अगंतुगं कधी सुरू झालं ते दोघींच्याही लक्षात आलं नव्हतं.

"मुळासकट काढून दिली. ओल्या गोणपाटात बांधून. विचारलं त्यांनी, फळ कधी धरेल? मी सांगितलं, दोन-तीन वर्षं लागतील."

"मग?"

"म्हणाल्या, चालेल."